पळीचे दोन ठोके

४ मार्च

किटली,

टण्ण-टण्ण.

पातेल्याच्या काठावर पळीचे दोन ठोके. आज सकाळी दाढी करताना ऐकू आले, इतके स्पष्ट की साबणानं भरलेल्या तोंडानं मी 'आलो, आलो' म्हणालो. हे ठोके अलीकडचे नव्हते. आपलं जेवणाचं दुकान नवं होतं, चारच टेबलं होती, तुझ्या डोक्यावर केस होते, तेव्हाचे. एकाला एक चिकटून येणारे. शाळेत मास्तर कविता शिकवताना डस्टरनं टेबलावर ताल धरायचे, तसे. सूप जमलं, पाटी बाहेर लाव, असा त्यांचा अर्थ. मग मी आरशात पाहिलं. घरात मी एकटा, आणि गालावर फेस.

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं दिसतंय, तर दिसू दे.

पत्र कामाचं आहे. मागच्या दाराची कडी अडकते. तू ती कशी उघडायचास ते कळव; उचलून ओढायची की ओढून उचलायची? दुसरं, ते मोठं पातेलं तुझं की दुकानाचं? घरमालकीण विचारत होती की दुकान पुन्हा उघडणार की जागा सोडणार. एकतीस तारखेला संध्याकाळी किल्ल्या घेऊन जा म्हणून तिला सांगितलंय. तिला तिथं औषधांचं दुकान काढायचंय. काढू दे. औषधं तरी चव बघून कोणी घेत नाही.

तुझी बाजू ऐकायची मला इच्छा नाही. ती त्या दुपारी ऐकली.

ती दुपार मी रोज पहिल्यापासून लावून बघतो. समोरचा टेलर, आपल्या पहिल्या दिवसापासून खिडकीच्या टेबलावर बसणारा, त्यानं वाटी पुढे सारली आणि म्हणाला, 'कविराज, आज समुद्र उकळलाय का?' मी चमचाभर चाखून पाहिलं. मला बरं लागलं. मला सगळंच बरं लागतं, हे तुम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. मी हसत हसत आत आलो. तुला म्हटलं, टेलरच्या जिभेला टाके पडलेत वाटतं. तू हसला नाहीस. तू स्टुलावर बसलास. समोर पातेलं उकळत असताना तू कधी बसत नाहीस.

'मला चव लागत नाही रे,' म्हणालास. 'त्या तापापासून नाही लागत. इतकी वर्षं वहिनी चाखायच्या.'

मग तू एप्रन काढलास, त्याचे बंद सरळ केलेस, खुंटीला अडकवलास आणि तुझ्या अक्काच्या गावाला निघून गेलास. मी बाहेर येऊन लोकांना सांगितलं, आज एवढंच. दारावरची पाटी उलटी केली, ती अजून उलटीच आहे.

वहिनी म्हणजे माझी बायको. मुद्दाम लिहून बघितलं, कारण तुझ्या त्या वाक्यात ती मला माझी वाटली नाही. तिला जाऊन तेव्हा पुरता हिवाळाही उलटला नव्हता, आणि तू ती पुन्हा एकदा माझ्याकडून काढून घेतलीस.

उत्तर नको. फक्त कडीचं कळव.

कवड्या
(शाळेतलं नाव. तूच ठेवलेलं. परत हवं असेल तर घे.)


११ मार्च

किटली,

कडीचं आलं नाही. पोस्टमन समोरून जाताना माझ्याकडे बघून मान हलवतो, जसं काही माझ्या घरचं कोणी आजारी आहे.

दुकानात बसून लिहितोय. खिडकीचं टेबल, पायाखाली अजून तोच घडी घातलेला पुठ्ठा. वर छताला आपल्याआधीच्या छत्रीवाल्याचे छत्र्या टांगायचे आकडे. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्यात. पाय वर करून त्या सगळ्या कोणाची तरी थट्टा करताहेत असं वाटतं.

तुला आठवत नसेल म्हणून सांगतो. आपण कामाला होतो तो छापखाना बंद झाला त्या शेवटच्या दिवशी तू कँटीनमध्ये उरलेल्या कांद्यांचं सूप केलंस. यंत्रं थांबली होती, त्यामुळे चमच्यांचा आवाज आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. मी म्हटलं, हे जगाला मिळालं पाहिजे. तू नाकानं शिट्टी वाजवलीस (चिडलास किंवा लाजलास की तुझं नाक लहानपणापासून वाजतं, म्हणून तर तू किटली) आणि विचारलंस, जगाला किती वाट्या लागतील? एवढ्या बोलण्यावर आपण दुकान काढलं. मी आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. पैशाचं मला कळत नव्हतं, धंद्याचं कळत नव्हतं. तुझ्या हाताचं तेवढं कळत होतं, असं मी समजत होतो.

छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची ती अरुंद जागा. बोर्ड बदलणं आपल्याला परवडलं नाही, म्हणून रंगवलेली लाल छत्री तशीच राहिली. पहिल्या वर्षी अर्धे लोक मोडक्या छत्र्या घेऊनच यायचे. एका बाईची तर तू काडी बसवून दिलीस. तोवर तिनं सूप घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी छत्रीशिवाय आली, भावाला घेऊन. पुढं गावात 'आज छत्रीत जेवलो' असं लोक म्हणायला लागले. एवढं सुंदर नाव मलासुद्धा सुचलं नसतं.

आणि तुझी अक्का. उघडायच्या आदल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आली, आत बघितलं आणि म्हणाली, 'दोन म्हाताऱ्यांची भातुकली.' आत पाऊल टाकलं नाही. नंतर किती वेळा जेवायला बोलावलं, एकदाही फिरकली नाही. तिची जीभ म्हणजे टेलरची कात्री. तिच्या घरी तू रोज जेवतोस. तुला चव लागत नाही हे तुझं नशीबच म्हणायचं.

तुझं स्वयंपाकघर दुकानामागच्या त्या लांब बोळाच्या टोकाला. पंखा घरघरायचा, तुला काही ऐकू जायचं नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांनी मागितलेलं चालीवर सांगायला लागलो. सुपाला एक चाल, माशाला दुसरी, भाजलेल्या बटाट्यांना ती संथ, दुपारच्या वर्गात डोळे मिटायला लावणारी. शब्द नाही पोचले तरी चाल पोचायची. 'सूप दोन, पाव चार, खिडकीवाला झाला गार.' लोक जेवण थांबवून ऐकायचे. ही घरी भांडी विसळताना माझ्या नव्या चाली ऐकायची आणि म्हणायची, बटाट्यांची जरा उडती करा, लोक झोपतील.

मग शेजारचं गोदाम रिकामं झालं. भिंत पाडली, टेबलं वाढली, वाढायला दोघीजणी आल्या. दारात लोक उभे राहायला लागले. वर्तमानपत्रवाला येऊन जेवून गेला आणि त्यानं लिहिलं की या आचाऱ्याचा हात विसरता येत नाही. वर तुझ्या हाताचा फोटो. मी ते कात्रण चौकटीत बसवलं, खुर्चीवर चढलो, खिळा ठोकला. ही खुर्ची धरून उभी होती.

'सरळ आहे का?' मी विचारलं.

'सरळ आहे,' म्हणाली.

किटली, तेव्हा तुझी जीभ जाऊन कितीतरी दिवस झाले होते. त्या कात्रणात जो हात होता तो तुझा होता, आणि जे विसरता येत नव्हतं ते तिचं होतं. आणि ती खाली उभी राहून मला सांगत होती, सरळ आहे.

घरी जेवताना मी तिला कितीदा म्हटलं असेन, तुझ्या रश्श्याला किटलीच्या हाताची सर नाही. ती म्हणायची, 'कशी असेल?' आणि पुढं वाढायची. आता ते दोन शब्द मी सगळ्या चालींवर म्हणून बघतो. एकही बसत नाही.

कवड्या


१७ मार्च

किटली,

आज पत्र लिहायचं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही. किती वाईट अवस्था आहे बघ. ज्यानं फसवलं त्यालाच सांगावं लागतंय.

यती आठवतो? मास्तरांनी शिकवलेला. लांब ओळ म्हणताना मध्ये ठरलेल्या जागी क्षणभर थांबायचं. तू कधीच थांबायचा नाहीस, एका दमात म्हणून टाकायचास आणि पट्टी खायचास. मी थांबायचो. मास्तर म्हणायचे, ह्याला कान आहे.

तर ह्या कानानं काय केलं ते ऐक.

सुरुवातीला तुझे ठोके जोडून यायचे, टण्ण-टण्ण. मग तुला तो ताप आला. त्यातून उठून तू कामावर आलास, आणि तेव्हापासून दोन ठोके लांब झाले. टण्ण. मग काहीच नाही. मग टण्ण. मी पुढे फळ्यावर खडूनं आजचे पदार्थ लिहीत असायचो. पहिला ठोका ऐकला की माझा हात थांबायचा, दुसरा आला की पुन्हा लिहायला लागायचा. मला वाटलं, म्हातारपण. मग वाटलं, म्हातारपण नाही, ही समज आहे. हा माणूस आता घाई करत नाही. पहिल्या ठोक्यानंतर थांबतो, आपल्या पदार्थाकडे बघतो, आणि मगच हो म्हणतो.

मी त्यावर कविता केली. त्या थांबण्यावर! आणि एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तुम्हा दोघांना समोर बसवून वाचून दाखवली. दोन ठोक्यांमधल्या शांततेत कारागिराचं सगळं आयुष्य उभं असतं, असं काहीतरी होतं तिच्यात. वाचून झाल्यावर ही उठली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. तुझं नाक वाजायला लागलं. मला वाटलं, तुम्हा दोघांना भरून आलंय. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी सुपाला नवी चाल लावली.

आणि त्या शांततेत काय होतं? धुतलेले नॅपकिन द्यायच्या निमित्तानं मागच्या दारी आलेली माझी बायको होती. तू तिच्यापुढे पळी धरत होतास. ती चाखून बोटांनी खुणा करत होती. चिमूट धरली म्हणजे मीठ, बोट फिरवलं म्हणजे अजून उकळू दे, असंच काहीतरी असणार. तिची मान हलली की तू दुसरा ठोका मारायचास. जगात कान असलेला मी एकटाच तो यती ऐकत होतो, आणि मला तो सुंदर वाटत होता.

ती दुपारीही यायची, मला फिरायला न्यायला. नेहमी जरा लवकर यायची, आणि मागच्या दारानं. मी टेबलं पुसत असायचो आणि मनात म्हणायचो, हिला अजून माझ्याशिवाय करमत नाही.

आणखी एक. दुसरी शाखा काढू म्हणून मी किती मागे लागलो होतो. नदीपलीकडची ती कोपऱ्यातली जागा, दोन मोठ्या खिडक्या. तू नाही म्हणालास. हाताखाली एक आचारी घे म्हटलं, तर तेही नाही. बोळाच्या तोंडाला पडदा लावलास, आत कोणी यायचं नाही म्हणालास. मी महिनाभर तुझ्याशी कामापुरतं बोललो. मग हिनंच माझी समजूत घातली: 'कलावंत आहेत ते. त्यांना एकांत लागतो.' माझाच शब्द मला वापरून दाखवला, आणि मला पटला. तिला एकाच वेळी दोन दारांत उभं राहता आलं नसतं, एवढंच कारण होतं.

तुमच्यात वावगं काही होतं असं माझ्या मनात नाही. ते असतं तर बरं झालं असतं असं मात्र कधी कधी येतं. त्याला लोकांजवळ शब्द आहेत. असल्या माणसाला लोक चहा पाजतात, पाठीवर हात ठेवतात. माझं दुःख मी टेलरला सांगायला गेलो, तर तो दोरा दातांत धरून म्हणाला, 'म्हणजे जेवण वहिनींनी सांभाळलं? मग चांगलंच झालं की.'

कवड्या


२५ मार्च

किटली,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातली एक कडीची. उचलून डावीकडे ढकलायची, बरोबर, उघडली. पातेलं दुकानाचं, ही दुसरी. उरलेल्या दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटत आलाय.

'मी तुला सांगायला निघालो होतो. वहिनींनी शपथ घातली, म्हणाल्या, त्यांच्या पोटात राहणार नाही, आणि राहिलं तर ते गाणार नाहीत.'

पहिलं अर्धं मी मान्य करतो. माझ्या पोटात काही राहत नाही. मला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत टेलरला कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं आलं असतं, बहुतेक यमकासकट. पण दुसरं अर्धं? मी गाणार नाही म्हणून तुम्ही मला सांगितलं नाहीत? पिंजऱ्यावर फडकं टाकतात तसं तुम्ही दोघांनी मिळून माझ्यावर टाकलंत, आणि मी आपला आत बसून गात राहिलो. भातुकली म्हणाली होती तुझी अक्का. तिला वाटलं, खेळणारे दोघे आपण. खेळणारे तुम्ही दोघे होतात. मी बाहुला होतो. मला टोपी घालून दारात उभं केलं होतंत.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ती शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तू रोज छोट्या डब्यातून सूप आणायचास. वहिनींसाठी म्हणायचास. सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मी शेजाऱ्यांना सांगायचो, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो. ती चमचाभर घ्यायची, डोळे मिटायची, आणि तिचा हात पांघरुणावर थोडासा हलायचा. तू बघायचास आणि डबा उचलून निघायचास. मला वाटायचं, तुला बघवत नाही.

शेवटच्या सकाळीही तू आलास. तिनं चमच्याचं टोक ओठांना लावलं असेल नसेल. मग हात उचलला. दोन बोटं आणि अंगठा जुळवून, असा, हवेत धरला. मला वाटलं, माझा हात मागतेय. मी पुढे होऊन तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून घेतला, किटली. तिच्यात बळ नव्हतं, तरी सोडवून घेतला. आणि पुन्हा तशीच चिमूट धरली, माझ्या खांद्यावरून मागे बघत. मागे तू उभा होतास.

तू मान हलवलीस.

मी इतके दिवस लोकांना सांगत होतो की शेवटी तिनं हवेत काहीतरी टिपलं, फूल खुडावं तसं. त्यावरही चार ओळी केल्या होत्या. आता कळलं, ती तुला सांगत होती, मीठ कमी आहे.

माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं तुझ्याजवळ आहे. मला त्याचा अर्थसुद्धा आता अंदाजानं लावावा लागतोय. तुझ्या जिभेचं मला काही वाटत नाही. जीभ काय, कोणाचीही जाते. पण त्या सकाळी खोलीत आपण तिघं होतो, आणि त्यातल्या दोघांचं बोलणं चाललं होतं.

एकतीसला किल्ल्या देतोय. चौकटीतलं कात्रण तुला पाठवू की फेकू, ते कळव.

कवड्या


३१ मार्च

किटली,

हे शेवटचं. संध्याकाळी घरमालकीण येईल, त्याआधी पेटीत टाकतो.

सकाळीच दुकानात आलो. खुर्च्या खाली घेतल्या, मग का घेतल्या ते न कळून पुन्हा वर ठेवल्या. फळा पुसला. त्यावर अजून त्या दुपारचे पदार्थ होते. मग एक वेडेपणा केला. मंडईतून कांदे आणले आणि तुझं सूप केलं.

मी तुला ते करताना कधी नीट पाहिलं नव्हतं. पडदा होता ना. पण सकाळी पंखा लागायच्या आधी ऐकलं होतं. कांदे किती वेळ कुजबुजतात, मग कधी गप्प होतात, पाणी पडल्यावर कसे एकदम बोलायला लागतात, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी ऐकत ऐकत केलं. मंद आच, झाकण, मग झाकण नाही. डोळ्यांतून पाणी आलं. ते कांद्याचं होतं, त्याबद्दल तू काही समजू नकोस.

झाल्यावर चाखलं. छान लागलं. म्हणजे मला काहीच कळलं नाही.

पळी घेतली आणि पातेल्याच्या काठावर एक ठोका मारला. टण्ण. दुसरा मारता येईना. हात तसाच वर राहिला. हे सूप जमलंय असं कोणाच्या जिवावर म्हणू? इतकी वर्षं मी तो दुसरा ठोका ऐकून पाटी बाहेर लावत होतो, आणि तो देणारं कोणी आता

थांब. मागच्या दाराची कडी वाजतेय. घरमालकीण पुढच्या दारानं येते, आणि तिला संध्याकाळी बोलावलंय.

किटली, तुझी अक्का आलीय.

हे मी उभ्यानं, तुझ्या ओट्यावर कागद ठेवून लिहितोय, कारण तिनं तसं फर्मावलंय. दार उघडलं तर बाहेर ती, हातात पिशवी, धापा टाकत. म्हणाली, 'आत घेतोस की इथंच वारा खाऊ, कवड्या?' आणि मी बाजूला व्हायच्या आधीच आत आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

'कात्री म्हणालास ना मला?' हे तिचं दुसरं वाक्य.

मी म्हटलं, ते पत्र तुमच्यासाठी नव्हतं. तर तिच्याकडून कळलं की तू चष्मा फोडून घेतलायस आणि नवा करत नाहीस, माझी सगळी पत्रं तिनंच तुला वाचून दाखवलीत. ती वाचते, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडतोस आणि नाकानं वाजतोस. कात्रीच्या ठिकाणी तर म्हणे तिनं दोनदा वाचलं. आणि शेवटचं पत्र वाचून झाल्यापासून तू वाजतसुद्धा नाहीस.

विचारायचं नव्हतं, पण विचारलं. तू आलायस का?

'नाही. त्याला सांगितलंय, दाताच्या डॉक्टरकडे चाललेय.'

म्हणजे तुमच्या घराण्यातच आहे हे, असं मी म्हणणार होतो. तिनं नुसतं बघितलं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि सांगायला लागली. तू तिच्या घरी गेल्यापासून रोज रांधतोस. बोलत नाहीस, रांधतोस. पहिले दिवस तिच्या तोंडात घालवेना. तिनं थाळी सारली आणि काय काय चुकलंय ते सगळं तुला ऐकवलं, एकेक करून, जसं तिला ऐकवता येतं. तू उठून पुन्हा केलंस. दुसऱ्या दिवशीही तेच. आता ती फक्त भुवई उचलते आणि तुला कळतं. 'मी कधी गोड बोलत नाही असं म्हणतोस ना तू,' मला म्हणाली, 'बरोबर आहे. मला खोटं वा-वा करता येत नाही. तुझ्यासारखं.'

मग तिनं विचारलं, ती कुठं उभी राहायची?

मला सांगता आलं नाही. ती असताना मी कधी आत आलोच नव्हतो. आम्ही दोघांनी इकडंतिकडं बघितलं. मागच्या दाराच्या चौकटीला, खांद्याच्या उंचीला, लाकूड एका जागी गुळगुळीत झालंय. रंग पार गेलाय. शेजारीच नॅपकिनांचा आकडा. तू रोज बघत असशील. मी आज बघितलं. हात लावून बघितला.

किल्ल्या ओट्यावर होत्या. त्या तिनं उचलून पिशवीत टाकल्या. 'त्या बाईला काय सांगायचं ते मी सांगते. आधी ह्याला पत्र पुरं कर. ये म्हणून लिही.'

मी म्हटलं, मी लिहिणार नाही.

'मग मी म्हणाले असं लिही.'

म्हणून लिहितोय. अक्का म्हणते, ये. मी म्हणत नाही. माझ्या मनातून ते गेलेलं नाही आणि जाईल असं वाटत नाही. ती चिमूट रोज सकाळी मला दिसते, आणि दिसली की तू आठवतोस, आणि तू आठवलास की माझं तोंड कडू होतं. एवढी एकच चव मला नीट कळते. पण आलास, तर बोळाचा पडदा आधी काढायचा. पळी पुढं करशील ती माझ्या डोळ्यांदेखत करायची. आणि तिच्या सगळ्या खुणा मला शिकवायच्या, एकूण एक. गाणं मी गाईन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा.

अक्का चौकटीला जाऊन उभी राहिलीय, त्याच जागी. खांदा जरा वर येतोय, ती उंच आहे. चमचा दे म्हणाली. दिला. तिनं पातेल्यातून घेतलं, फुंकलं, आणि तोंडात घातलं.

एक ठोका मघाशीच दिलाय. पळी माझ्या डाव्या हातात आहे. ती डोळे मिटून उभी आहे, आणि अजून काहीच बोलत नाही.